सहा सेकंदांची गळती

माझ्या संगीतावर आजवरचा सगळ्यात लांबलचक अभिप्राय एका दंतवैद्याने दिला आहे, आणि तोही माझा जबडा त्याच्या ताब्यात असताना. त्यामुळे मला उलट उत्तर देता आलं नाही. ते पुढे येईलच. आधी मी संगीतकार आहे एवढं तुम्ही मान्य करून टाका. आमच्या घरी हा ठराव अजून मंजूर व्हायचा आहे.

पोटासाठी मी पाणीपुरवठा कार्यालयात असतो, मीटर दुरुस्ती विभागात. बावीस वर्षं झाली. संगीत रविवारी दुपारी करतो, आतल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर कीबोर्ड ठेवून. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे मी जोरात वाजवायला लागलो की सगळं डुगडुगतं. म्हणून माझ्या चाली शांत असतात. लोकांना तो माझा स्वभाव वाटतो.

तर बायकोच्या मैत्रिणीची भाची सिनेमा करते आहे. पहिलाच. तिने कुठल्याशा घरगुती कार्यक्रमात मला वाजवताना ऐकलं होतं. तिचा एक दिवस फोन आला, ‘‘काका, एका प्रसंगाला पार्श्वसंगीत करून बघाल का?’’ ‘काका’ हा शब्द मला खटकला. संगीत दिग्दर्शकाला कोणी काका म्हणत नाही. पण तो मुद्दा मी पहिल्या पारितोषिक समारंभापर्यंत राखून ठेवला आणि हो म्हणालो.

प्रसंग दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. एक वयस्क गृहस्थ आपल्या वारलेल्या बायकोचं शिवणयंत्र एकट्याने उचलून तीन मजले जिना उतरतात आणि खाली उभ्या असलेल्या गाडीत ठेवतात. मधे एका वळणावर ते यंत्र खाली ठेवतात, दम खातात, पुन्हा उचलतात. बस, एवढंच. बोलणं एका शब्दाचंही नाही. भाचीने बजावून सांगितलं होतं की प्रसंग कोणाला दाखवायचा नाही आणि काय आहे तेही कोणाला सांगायचं नाही. तीन आठवड्यांनी येणाऱ्या शुक्रवारपर्यंत तुकडा पाठवायचा. जमला तर अख्ख्या सिनेमाचं संगीत माझं. नाही जमला तर तिच्याकडे आणखी एक नाव होतं. ते नाव सव्वीस वर्षांचं होतं, असं बायकोने मैत्रिणीकडून काढलं आणि मला विनाकारण सांगितलं.

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. ‘हे करून टाका’ असं मला रोज कोणी ना कोणी सांगतं, पण ‘करून बघाल का’ असं आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. मला तो सिनेमा हवा होता. इतका हवा होता की त्या आठवड्यात मी दोन चांगली मीटरं नादुरुस्त ठरवली.

रविवारी दुपारी बसलो आणि एका बैठकीत तुकडा झाला. मलाच आश्चर्य वाटलं. गृहस्थ वळणावर यंत्र खाली ठेवतात तिथे माझे हात आपोआप कीबोर्डवरून उचलले गेले आणि सहा सेकंद काहीच वाजलं नाही. मग ते यंत्र उचलतात तिथे मीही पुन्हा सुरू झालो. असं का केलं ते मला सांगता आलं नसतं. मी फोन करून भाचीला कळवलं की झालंय. ती म्हणाली, पाठवायच्या आधी चार लोकांना ऐकवा हं काका, फीडबॅक फार महत्त्वाचा असतो. पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे घडलं.

पहिला मान बायकोचा. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. अख्खा तुकडा तिने ऐकला, एक घडी मोडून पुन्हा घातली आणि म्हणाली, ‘‘छान आहे.’’ आता या ‘छान’वर मी विसंबू शकत नाही. हेच छान तिने नव्या मिक्सरला दिलं आहे, माझ्या रक्ताच्या रिपोर्टला दिलं आहे आणि शेजाऱ्यांच्या न्हाणीघरातल्या फरशीला तर दोनदा दिलं आहे. छान म्हणजे नेमकं कसं, असं मी विचारलं. छान म्हणजे छान, ती म्हणाली, आणि ते पडदे तेवढे काढून द्या धुवायला.

पडदे काढताना दाढ ठणकायला लागली म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडे गेलो. दवाखाना त्यांनी घराच्या पुढच्या खोलीतच थाटला आहे. मी संगीत करतो हे कळल्यावर त्यांनी तुकडा मोबाइलवर घेतला आणि काही न विचारता बाहेर बसलेल्या पेशंटांना मोठ्याने लावून दिला. त्यांच्या मते खरी परीक्षा तिथेच होते. दोन पेशंट उठून गेले. मग माझ्या तोंडात आरसा घालून त्यांनी पंधरा मिनिटं विवेचन केलं. थोडक्यात असं, की या संगीताने माणसाला भीती वाटत नाही, पण धीरही येत नाही. आणि मधे जे अचानक बंद पडतं, तिथे पेशंटला वाटतं की आता आपलाच नंबर. तेवढं ते बंद पडणं काढा, म्हणाले, आणि सुपारी सोडा. मी सुपारी खातच नाही. पण जबडा मोकळा होईपर्यंत त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं होतं.

तोंडी अभिप्रायात हा धोका असतो. अंगावर शिंतोडे उडतात आणि हाती काही राहत नाही. कागदावर काहीतरी हवं, असं माझ्या मनाने घेतलं, आणि बावीस वर्षं जिथे कागदच केले तिथे मी सोमवारी पेनड्राइव्ह घेऊन गेलो.

आमचे हेडक्लार्क सज्जन आहेत, पण ते तोंडी हवामानावरसुद्धा मत देत नाहीत. मी तुकडा ऐकवून कसा वाटला विचारलं तर त्यांनी कानातली वायर काढून तिची नीट गुंडाळी केली. मग म्हणाले, असं तोंडी सांगणं बरं नाही, उद्या तुमचा सिनेमा पडला तर मी काय बोललो होतो याची नोंद कुठे आहे? मुद्दा बिनतोड होता. त्यांनी स्वतःच एक कोरी फाइल काढली आणि सुवाच्य अक्षरात विषय घातला: ‘संगीताचा तुकडा (२ मि. ४० से.) याबाबत अभिप्राय मिळणेबाबत’. पेनड्राइव्ह पाकिटात घालून टाचणीने आत लावला. आवक-जावकच्या गृहस्थांनी त्यावर ‘जोडपत्र अ’ असं लिहून शिक्का मारला, फाइलला नंबर दिला आणि ती रजिस्टरला चढवली. माझ्या संगीताला एवढा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता. मी त्या दिवशी सगळ्या विभागाला चहा पाजला.

नंबर पडला की फाइल आपली राहत नाही, हे मी नव्या माणसांना नेहमी सांगतो. स्वतःच्या वेळी विसरलो. नंबर पडलेली फाइल सगळ्या शाखांमधून फिरल्याशिवाय बंद करता येत नाही, आणि तिच्यावरच्या प्रत्येक शेऱ्याची पूर्तता करावी लागते. शिक्का बसलेलं जोडपत्र तर कोणी बदलूच शकत नाही. म्हणजे तुकड्यातल्या दुरुस्त्या मी घरी करायच्या आणि फाइलमध्ये फक्त ‘पूर्तता केली’ असं लिहायचं.

पहिला शेरा हेडक्लार्कचा. तुकडा कुठे सुरू होतो हे लक्षात येत नाही, तरी सुरुवात दर्शवणारा स्पष्ट ठोका असावा. तसाच समाप्तीला एक. मी घरी जाऊन दोन ठोके घातले. टायपिस्ट बाईंनी लिहिलं की व्हायोलिन नसल्यामुळे दुःख आहे की नाही याचा बोध होत नाही. कीबोर्डवर व्हायोलिनचं बटण होतं, मी ते दाबलं आणि शेवटपर्यंत दाबून ठेवलं. विधी शाखेने संगीतात दोष काढला नाही, पण ही चाल पूर्वी अन्य कोणी केलेली नसल्याचं प्रमाणपत्र मागितलं. ते कोण देणार? अखेर मी स्वतःच ‘माझ्या माहितीप्रमाणे ही चाल मलाच सुचली आहे’ असं लिहून दिलं आणि साक्षीदार म्हणून दंतवैद्याची सही घेतली. सही देताना त्यांनी मधलं बंद पडणं काढलं का, असं विचारलं.

ते काढायला लागलंच. कारण तांत्रिक शाखेचे अभियंता. हा माणूस रस्त्यावर कान लावून जमिनीखालची गळती ओळखतो. त्यांनी तुकडा त्यांच्या गळती शोधण्याच्या यंत्राला जोडून चारदा तपासला आणि आलेखासकट शेरा दिला: ‘१ मि. १२ से. ते १ मि. १८ से. या दरम्यान प्रवाह पूर्णतः खंडित. गळतीची दाट शक्यता. सहा सेकंदांची तूट तातडीने भरून काढावी.’ आता आलेखापुढे कोण काय बोलणार? आणि प्रसंग गुप्त असल्यामुळे तिथे एक म्हातारा दम खातो आहे, हे मला सांगताही येईना. मी ते सहा सेकंद ढोलाने बुजवले. ढोलाबरोबर टेबल डुगडुगलं, तेही रेकॉर्ड झालं.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती खास कारकुनी चूक आहे. सुधारित मसुदा तयार झाला की जुना मी फाडून टाकतो. दोन मसुदे राहिले की उद्या कोणीतरी भलत्यावरच सही करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा दर वेळी दुरुस्ती केली की मी जुन्या तुकड्यावरच नवा जतन करत गेलो. दंतवैद्यांच्या मोबाइलवरचा तुकडाही सही घेताना मीच पुसला होता, कारण गुप्तता.

सगळे शेरे झाल्यावर फाइल साहेबांकडे गेली आणि तिथेच बसली.

आमचे साहेब कमी बोलतात. त्यांच्या टेबलावर फाइल एका दिवसावर कधी राहत नाही. सकाळी गेलेली संध्याकाळी ‘मान्य’ किंवा ‘चर्चा करावी’ होऊन बाहेर येते. माझी एक दिवस आली नाही, चार दिवस आली नाही, नऊ दिवस आली नाही. कार्यालयात कुजबुज सुरू झाली. टायपिस्ट बाईंचं टेबल साहेबांच्या दाराशी आहे. त्यांनी सांगितलं की जेवणानंतर साहेब अर्धा तास दार लावून घेतात, हे पूर्वी नव्हतं. हेडक्लार्कनी यातून चौकशीचा वास काढला. खाजगी कामासाठी कार्यालयाची टाचणी, शिक्का आणि गळतीचं यंत्र वापरलं, असं ते मला हळू आवाजात मोजून दाखवू लागले. फाइल त्यांनीच उघडली होती, याची मी आठवण करून दिली तर म्हणाले, माझा शेरा बघा, मी फक्त ठोक्याबद्दल लिहिलंय.

इकडे शुक्रवार आला. साहेबांच्या अभिप्रायाविना काही बाहेर पाठवायची ही माझी पहिलीच वेळ. पण इलाज नव्हता. पाठवण्यापूर्वी बायकोला ऐकवलं. ती या वेळी घड्या घालायची थांबली. ‘‘भरपूर झालंय,’’ ती म्हणाली. छानपेक्षा हे मोठं असावं असं समजून मी तुकडा पाठवून दिला.

शनिवारी सकाळी भाचीचा फोन.

‘‘काका, हे किती जणांनी केलंय?’’

‘‘मीच केलंय.’’

‘‘नाही हो. मला सहा-सात जण ऐकू येतायत. आणि वळणावर ढोल का वाजतोय? तो तिथे दम खातोय ना?’’

‘‘तिथे गळती होती,’’ मी म्हणालो.

त्यावर तिचा आवाज फार नरम झाला. ती म्हणाली, काका, मला तुमच्याकडूनच हवं होतं, पण हे तुमचं नाही. मी सोमवारी चारपर्यंत थांबते, नंतर दुसऱ्याला सांगावं लागेल. राग मानू नका.

मी रविवारभर इस्त्रीच्या टेबलाशी बसलो. पहिल्यासारखं वाजवायला जायचो आणि पाचव्या सुराला हेडक्लार्क कानात ठोका मागायचे. वळणाशी आलो की अभियंता आलेख धरून उभे. हात उचलला तर भीती वाटायची, नाही उचलला तर खोटं वाटायचं. संध्याकाळी बायकोने चहा आणून ठेवला. मी तिला म्हटलं, मला काही येत नाही, उगाच वीस वर्षं खोली अडवली. ती म्हणाली, पहिलं लावा ना, ते छान होतं. मी म्हटलं, ते मी पुसलंय. त्यावर ती मला जे बोलली ते इथे देत नाही. पण माझ्या संगीताबद्दल ती एवढं सविस्तर पूर्वी कधीच बोलली नव्हती.

आणि बोलण्याच्या ओघात तिनेच विचारलं की तो पेनड्राइव्ह कुठाय.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या दारावर टकटक केली. चौकशी तर चौकशी, पण जोडपत्र ‘अ’ मिळवायचं, असं ठरवून गेलो होतो. फाइल त्यांच्यासमोरच होती. मी उभ्याउभ्या सांगून टाकलं की टाचणी भरून देईन, शिक्क्याबद्दल दिलगीर आहे, फक्त पेनड्राइव्ह तेवढा परत करावा.

‘‘अजून शेरा व्हायचाय,’’ साहेब म्हणाले.

‘‘साहेब, आज चारपर्यंतच मुदत आहे.’’

‘‘बसा.’’

मी बसलो. त्यांनी खणातून कानाला लावायची वायर काढली, मग विचार बदलून ती परत ठेवली आणि तुकडा कॉम्प्युटरवर मोठ्याने लावला. माझा तुकडा, पहिला. ठोका नाही, व्हायोलिन नाही. पंधरा दिवसांनी ऐकत होतो. मला रडू येईल की काय असं वाटायला लागलं म्हणून मी भिंतीवरचा जलवाहिन्यांचा नकाशा बघत बसलो. एक मिनिट बारा सेकंद झाले आणि खोली गप्प झाली. साहेबांनी हात किंचित वर केला, बोलू नका अशा अर्थाने. सहा सेकंद गेले. पुन्हा सूर सुरू झाले.

‘‘इथे तो खाली ठेवतो,’’ साहेब म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. फाइलमध्ये प्रसंगाबद्दल एक अक्षर नव्हतं.

‘‘काय ठेवतो, साहेब?’’

‘‘ते मला माहीत नाही. पण काहीतरी जड घेऊन कोणीतरी उतरतंय. इथे खाली ठेवतो, मग पुन्हा उचलतो.’’ ते फाइलची नाडी बोटाला गुंडाळत होते. ‘‘मागच्या वर्षी मी हिच्या पुस्तकांची खोकी वाचनालयात नेऊन दिली. चौथ्या मजल्यावरून.’’

मागच्या वर्षी आम्ही सगळे त्यांच्या घरी जाऊन बसून आलो होतो. काय बोलावं ते तेव्हाही मला सुचलं नव्हतं. आत्ता मी विचारलं, ‘‘लिफ्ट बंद होती का?’’

‘‘चालू होती. पण लिफ्टने फार लवकर खाली आलं असतं सगळं.’’ त्यांनी तुकडा थांबवला. ‘‘तुम्हाला हे कोणी सांगितलं?’’

‘‘कोणी नाही, साहेब.’’

‘‘मग शेरा काय लिहू मी याच्यावर? रोज ऐकतो आणि रोज पेन उघडून बंद करतो.’’

चार लोकांना ऐकवा म्हणाली होती भाची. मी सात जणांना ऐकवलं, आलेख काढून घेतला, प्रमाणपत्र दिलं. आणि मला हवा होता तो अभिप्राय नऊ दिवस दार लावून घेऊन बसला होता. मी नुसता ‘होय साहेब’ म्हणालो, तेही बेसूर.

जोडपत्र फाइलमधून काढता येणार नाही, यावर साहेब ठाम राहिले. पण त्याची नक्कल घेण्यास हरकत नाही, असं त्यांनी रीतसर सांगितलं आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवरून, स्वतः उठून, मला करून दिली. मी दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

‘‘शेवटची मंजुरी कोणाची असते यात?’’

‘‘दिग्दर्शिकेची.’’

‘‘त्या मधल्या जागेला त्यांनी हरकत घेतली तर सांगा की या कार्यालयाचा विरोध आहे. लेखी देईन.’’

मी पावणेचारला तुकडा पाठवला. चारला फोन वाजला नाही, पाचला वाजला नाही. सहाला भाचीने केला. ती म्हणाली, हेच आधी का नाही पाठवलंत? मी म्हटलं, फाइल वर अडकली होती. ती म्हणाली, सिनेमा तुमचा. मग लगेच म्हणाली, फक्त एक आहे हं काका, वळणावर आमचे नट जरा जास्त थांबलेत. ती शांतता सहाऐवजी दहा सेकंदांची करून द्याल का?

तिथल्या तिथे हो म्हणायला काय हरकत होती? संगीत माझं, सिनेमा तिचा. पण मी उद्या कळवतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि चार सेकंदांची वाढ मागितल्याचं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. बाहेर टायपिस्ट बाईंचं टायपिंग थांबलं, म्हणजे त्याही ऐकत होत्या.

‘‘द्या,’’ साहेब म्हणाले. ‘‘दम लागतो हो माणसाला.’’